आरटीएक्स ३०६० की ४०६०? दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना करायची तरी कशी

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात ३५८४ कोर (हिशेब करणारे छोटे भाग), १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता. आरटीएक्स ४०६० आलं जून २०२३ मध्ये. त्यात ३०७२ कोर, ८ जीबी मेमरी आणि १२८ बिटची बस. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर जुनं कार्ड तिन्ही बाबतींत वरचढ दिसतं. प्रत्यक्षात बहुतेक गेम्समध्ये नवं कार्ड साधारण वीस टक्के जास्त वेगानं चालतं, आणि तेही १७० वॉटऐवजी ११५ वॉट वीज खाऊन.

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत मुलाला घेऊन आलेले बाबा नेमके इथेच अडतात. "भाऊ, याच्यात मेमरी जास्त, कोर जास्त, तरी हे स्वस्त कसं काय?" दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "ते जुनं आहे काका, हे नवीन घेऊन टाका." हे उत्तर काही लोकांसाठी बरोबर आहे आणि काहींसाठी साफ चुकीचं. तुम्ही त्यांतले कोण, हे घरबसल्या ठरवता येतं. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही, फक्त कोणता आकडा कशाबद्दल बोलतो आणि कशाबद्दल गप्प बसतो ते कळायला हवं.

कोरपासून सुरुवात करू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर सेकंदाला जवळपास साडेबारा कोटी वेळा एकेका ठिपक्याचा रंग, त्यावरचा उजेड, सावली हे सगळं मोजावं लागतं. एका ठिपक्याचा हिशेब बहुतेक वेळा शेजारच्या ठिपक्यावर अवलंबून नसतो, म्हणून हे काम हजारो छोट्या कोरांमध्ये वाटता येतं. पण कोर किती आहेत यासोबत ते किती वेगानं चालतात तेही बघायला हवं. ३०६०चे कोर साधारण १.७८ गिगाहर्ट्झवर चालतात, ४०६०चे २.४६ गिगाहर्ट्झवर. चिप बनवताना सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवरून टीएसएमसीच्या अधिक बारीक प्रक्रियेवर गेल्यामुळे हा वेग परवडला. कोरांची संख्या गुणिले वेग गुणिले दोन (कारण प्रत्येक कोर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करतो) असं केलं की टेराफ्लॉप हा आकडा मिळतो, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं. ३०६०साठी तो १२.७ येतो, ४०६०साठी १५.१. फरक सुमारे १९ टक्के. गेम्समधल्या फरकाच्या अगदी जवळ!

हा हिशेब जुळला म्हणून त्यावर विसंबू नका. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७६०० हे त्याच काळातलं, मे २०२३ चं कार्ड घ्या. कागदावर ते जवळपास २१.७ टेराफ्लॉपचं आहे. मग ते ४०६०पेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त वेगवान असायला हवं होतं. साध्या गेम्समध्ये ते ४०६०च्या आसपास, बऱ्याचदा किंचित मागे राहतं आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली मोजणं) चालू केलं की चांगलंच मागे पडतं. कारण असं की एएमडीच्या या पिढीतले कोर एका ठोक्यात दोन सूचना हाताळू शकतात आणि कागदावर ती दुप्पट क्षमता धरलेली असते. गेम्सच्या प्रोग्राममध्ये अशी जोडी जुळण्याची संधी क्वचित मिळते. म्हणून दोन कंपन्यांचे कोर किंवा टेराफ्लॉप शेजारी ठेवून काहीच ठरत नाही. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही जपून.

आता मेमरी. इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक म्हणजे मेमरी किती वेगानं माहिती देते, दुसरी म्हणजे तिच्यात किती माहिती मावते.

वेगाच्या बाबतीत ३०६० सेकंदाला ३६० जीबी देतं आणि ४०६० फक्त २७२. तरीही नवं कार्ड उपाशी राहत नाही, कारण चिपच्या आतच असलेली छोटी, झटपट मेमरी, म्हणजे एल२ कॅश, ३ एमबीवरून २४ एमबीवर नेलेली आहे. वारंवार लागणारी माहिती आतच सापडली की बाहेरच्या मेमरीकडे जाण्याच्या फेऱ्या कमी होतात. पडद्याचं रिझोल्यूशन वाढवत नेलं की एका चित्रामागची माहिती वाढते, कॅशमध्ये ती सापडण्याचं प्रमाण घटतं, आणि ४०६०ची आघाडी थोडी कमी होते. त्यामुळे फुल एचडीवरचा निकाल फोर के पडद्यावर तसाच उचलता येत नाही. फोर केमध्ये ठिपके बरोबर चौपट असतात.

क्षमतेची गोष्ट वेगळी आहे. तिथे हळूहळू उतरण लागत नाही. गेमला साडेसात जीबी लागली तर ८ जीबीचं कार्ड झकास चालतं. नऊ जीबी लागली की उरलेली माहिती मदरबोर्डवरच्या रॅममध्ये जाऊन बसते आणि तिथून ती पीसीआय एक्सप्रेस खाचेतून आणावी लागते. या खाचेचा वेग किती? ४०६० ही खाच पूर्ण १६ लेनची वापरतच नाही, फक्त ८ लेन वापरते. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यातून सेकंदाला साधारण १६ जीबी येतात आणि तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर साधारण ८. कार्डावरच्या मेमरीचे २७२ कुठे आणि हे ८ कुठे. गेम मग अडखळतो. काही गेम्स तर अडखळण्याऐवजी गुपचूप कमी दर्जाची चित्रं लावतात, भिंती नि कपडे धुरकट दिसायला लागतात. अशा वेळी वेगाच्या आलेखात काहीच फरक दिसत नाही, फरक फक्त डोळ्यांना दिसतो.

नागपुरात चार-पाच वर्षांपूर्वी जोडलेली कितीतरी यंत्रं अजून तिसऱ्या पिढीच्या खाचेवरच चालतात. मदरबोर्ड बदलायचा नसेल, तर १६ लेन वापरणारं १२ जीबीचं ३०६० अशा यंत्रात मेमरी भरून वाहण्याच्या प्रसंगात जास्त सुरक्षित. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

एफपीएसचा आकडा काय लपवतो

तुलना पाहायला यूट्यूब उघडलं की प्रत्येक जण एफपीएस सांगतो, म्हणजे सेकंदाला किती चित्रं. मला वाटतं, हा प्रश्न उलटा विचारला की गोष्ट जास्त स्पष्ट होते: एक चित्र तयार व्हायला किती वेळ लागला? सेकंदाला ६० चित्रं म्हणजे प्रत्येकी १६.७ मिलिसेकंद.

समजा, दोन कार्डं आहेत आणि दोन्ही सरासरी ६० एफपीएस देतात. पहिल्याचं प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदात तयार होतं. दुसऱ्याची ५६ चित्रं प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत येतात आणि उरलेली चार प्रत्येकी ८२ मिलिसेकंद घेतात. बेरीज करून बघा, ६७२ अधिक ३२८, बरोबर एक हजार मिलिसेकंद. सरासरी अगदी सारखी. पण दुसऱ्या कार्डावर खेळणाऱ्याला प्रत्येक सेकंदाला चार झटके बसतात. शत्रू समोर आला आणि नेमका तेव्हा झटका बसला, तर सरासरी साठ होती हे सांगून काय उपयोग? म्हणून चांगले समीक्षक सरासरीसोबत "एक टक्का लो" हा आकडा देतात. सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेग तो दाखवतो. मेमरी कमी पडतेय हे बऱ्याचदा सरासरीत दिसण्याआधी या आकड्यात दिसतं. हा आकडा काढण्याची पद्धत मात्र प्रत्येकाची थोडी वेगळी असते, त्यामुळे एकाच्या आलेखातलं एक कार्ड आणि दुसऱ्याच्या आलेखातलं दुसरं कार्ड अशी जोडी लावू नये.

सरासरीचा आणखी एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. समजा, पहिलं कार्ड एका हलक्या गेममध्ये ३०० एफपीएस देतं आणि एका जड गेममध्ये ५०. दुसरं कार्ड अनुक्रमे २४० आणि ६० देतं. साधी सरासरी काढली तर १७५ विरुद्ध १५०, म्हणजे पहिलं कार्ड जवळपास सतरा टक्के पुढे. पण हलक्या गेममध्ये पहिलं २५ टक्के पुढे आहे आणि जड गेममध्ये दुसरं २० टक्के पुढे. गुणोत्तरांची भूमितीय सरासरी (दोन्ही गुणोत्तरांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) काढली तर फरक फक्त दोन टक्के उरतो. साध्या सरासरीत ३००सारखे मोठे आकडे बाकीच्यांना दाबून टाकतात, आणि ३००च्या जागी २४० झाले तर बहुतेकांना ते कळणारही नाही. ५० आणि ६० मधला फरक मात्र हाताला कळतो. "१५ गेम्सची सरासरी" असं लिहिलेलं दिसलं की ती कशी काढली, आणि त्यात तुम्ही खेळता ते गेम्स किती, हे आधी बघा.

एका मापावर विश्वास ठेवू नये

३० मे २०२४ चा दिवस नागपूरकरांना आठवत असेल. रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. दिवसभर फोनवर तोच आकडा फिरत होता. शहराच्या परिसरातली काही केंद्रं त्याच दिवशी ४४च्या आसपास दाखवत होती आणि नंतर खात्यानं सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. ग्राफिक्स कार्डाच्या मापाचंही असंच आहे. एकदा घेतलेला आकडा इतरांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला किंमत नाही.

गेम पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा तो शेडर (ठिपक्यांचा रंग-उजेड मोजणारे छोटे प्रोग्राम) तयार करत असतो, त्यामुळे पहिली फेरी बऱ्याचदा संथ जाते. कार्ड थंड असताना पहिली काही मिनिटं वेग जास्त दिसतो. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला की आकडे बदलतात. म्हणून तोच प्रसंग, त्याच सेटिंगवर, कार्ड गरम झाल्यावर निदान तीन वेळा मोजायचा आणि मधला आकडा धरायचा. इतकं करूनही दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतंच. दोन कार्डांत तीन टक्क्यांचा फरक दिसला तर ती सारखी आहेत असं मी धरतो, मग व्हिडिओचं शीर्षक काहीही ओरडत असो.

दुसरी अडचण प्रोसेसरची. समीक्षक कार्ड तपासताना रायझेन ७ ७८००एक्स३डीसारखा अतिशय वेगवान प्रोसेसर लावतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यांना कार्डाची खरी मर्यादा बघायची असते. तुमच्या घरी आठ वर्षांपूर्वीचा चार कोरांचा प्रोसेसर असेल तर गेममधला प्रत्येक प्रसंग आधी त्याला तयार करावा लागतो. तो सेकंदाला ५५ पेक्षा जास्त देऊ शकत नसेल तर ३०६० लावा की ४०६०, पडद्यावर ५५च दिसणार. याची परीक्षा अगदी सोपी आहे आणि एक रुपयाही लागत नाही. आत्ता जे कार्ड आहे त्यावर तुमचा नेहमीचा गेम लावा आणि रिझोल्यूशन ७२०पीपर्यंत खाली आणा. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. एफपीएस चांगले वाढले तर कार्ड अपुरं पडत होतं. जिथल्या तिथे राहिले तर प्रोसेसर अपुरा आहे आणि नव्या कार्डाचे पैसे वाया जातील.

तिसरी गोष्ट फ्रेम जनरेशन. ४०६० दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक बनवलेलं चित्र घालू शकतं. ३०६० एनव्हिडियाच्या डीएलएसएस या तंत्रानं लहान चित्र मोठं करू शकतं, पण एनव्हिडियाचं हे फ्रेम जनरेशन त्याच्यावर चालत नाही. एएमडीची तशीच पद्धत, एफएसआर ३, काही गेम्समध्ये त्याच्यावर चालते. मधलं चित्र बनवायला पुढचं खरं चित्र थोडा वेळ अडवून ठेवावं लागतं, त्यामुळे माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ वाढतो. मुळात ६०-७० एफपीएस मिळत असतील तर हे छान दिसतं. मुळात ३० मिळत असतील तर आकडा ५५ दिसेल आणि हाताला मात्र ३०च जाणवतील. कंपनीच्या आलेखात एका कार्डाला फ्रेम जनरेशन लावून आणि दुसऱ्याला न लावता तुलना केलेली असेल तर तो आलेख सोडून पुढे जा. माझ्या मते अशी तुलना ग्राहकाची दिशाभूल आहे.

मे महिन्यातली वरच्या मजल्यावरची खोली

परदेशी समीक्षणं बहुतेक २१-२२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि स्लॅबखालची खोली दुपारी ३८-४० अंशांवर असते. पंख्यानं थंड होणारी चिप खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंतरानं वर राहते. प्रयोगशाळेत २२ अंशांत ६४ वर राहणारं कार्ड ३८ अंशांच्या खोलीत ८० च्या आसपास जाणार. एनव्हिडियानं ठरवलेली कमाल मर्यादा ३०६०साठी ९३ आणि ४०६०साठी ९० अंश आहे, म्हणजे कार्ड लगेच बंद पडणार नाही. पण चिप तापत जाते तसा तिचा वेग बारीक पायऱ्यांनी उतरतो आणि पंख्याचा आवाज चढतो. वेगात होणारं नुकसान काही टक्क्यांचंच असतं, आवाज मात्र डोकं उठवतो. म्हणून इथे एका पंख्याचं स्वस्त मॉडेल घेऊ नये, दोन पंख्यांचं घ्यावं, असं मी आग्रहानं सांगेन.

कार्डानं खाल्लेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच बाहेर पडते. ३०६० आणि ४०६० मध्ये ५५ वॉटचा फरक आहे. रोज चार तास खेळलं तर महिन्याला ६.६ युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर ६६ रुपये, वर्षाचे आठशेच्या आत. दोन कार्डांच्या किमतीत पाच हजारांचा फरक असेल तर तो विजेच्या बिलातून भरून निघायला सहा वर्षांहून जास्त लागतील. बिलासाठी म्हणून महाग कार्ड घेण्यात अर्थ नाही. खोलीच्या उकाड्यासाठी आणि शांततेसाठी घेण्यात आहे.

कूलरबद्दलही सांगतो, कारण समीक्षणांत हे सापडणार नाही. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि उन्हाळ्यात धूळही तिच्यासोबत येऊन हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिकटते. वाळ्याच्या ताट्या बसवायच्या आधी आणि काढल्यानंतर कॅबिनेट उघडून कार्ड ब्रशनं साफ केलं, तर चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो.

मग घ्यायचं कोणतं

फुल एचडी पडदा, चौथ्या पिढीचा मदरबोर्ड आणि काम मुख्यतः गेमिंग, तर ४०६०. वेग, उष्णता, आवाज या तिन्हींत ते पुढे आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनाही त्यात एक फायदा आहे: त्यात एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकारात फाइल तयार करणारा एन्कोडर आहे, तर ३०६० एव्ही१ फक्त उलगडू शकतं, तयार करू शकत नाही.

ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये मोठी दृश्यं रेंडर करणाऱ्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना किंवा घरच्या यंत्रावर भाषेचं मॉडेल चालवू पाहणाऱ्यांना मी १२ जीबीचं ३०६०च सुचवेन. १३-१४ अब्ज पॅरामीटरचं (आत साठवलेल्या आकड्यांचं) मॉडेल, प्रत्येक आकडा चार बिटमध्ये बसवून लहान केलं तरी त्याला आठ-नऊ जीबी लागतात. ते १२ जीबीत मावतं, ८ मध्ये मावत नाही. मावलंच नाही तर कोर कितीही नवे असोत, काम रांगत चालतं.

पैसे देण्याआधी नाव नीट वाचा. आरटीएक्स ३०६० याच नावाचं ८ जीबीचं कार्डही २०२२ मध्ये आलं. त्याची बस १२८ बिटची आणि मेमरीचा वेग सेकंदाला २४० जीबीच आहे. ते १२ जीबीच्या भावापेक्षा स्पष्टपणे संथ चालतं, आणि या लेखातले ३०६०च्या मेमरीचे फायदे त्याला लागू होत नाहीत. लॅपटॉपवरचं ४०६० हेही वेगळं प्रकरण. लॅपटॉप बनवणारा त्याला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो, त्यामुळे तेच नाव असलेल्या दोन लॅपटॉपच्या वेगात मोठं अंतर पडतं. वॉटचा आकडा मागा, आणि तो दुकानदाराला माहीत नसेल तर त्या मॉडेलच्या अधिकृत पानावर शोधा.

वापरलेलं ३०६० घेत असाल तर दुकानातच यंत्राला लावायला सांगा. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम चालवून कोर ३५८४, बस १९२ बिट आणि मेमरी १२ जीबी दिसते का ते बघा. फर्मवेअर (कार्डातच साठवलेला प्रोग्राम) बदलून जुन्या चिपला नव्या कार्डाचं नाव दिलेले नग बाजारात फिरतात आणि हा प्रोग्राम त्यांतले बरेच ओळखून इशारा देतो. मग वीस मिनिटं जड चाचणी चालवा, पंखे एकसारखे फिरतात का ऐका, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे येतात का पाहा. वीस मिनिटं थांबू न देणाऱ्याकडून वापरलेलं कार्ड घेऊ नका.